उरलेल्या अन्नातून रात्रीचं जेवण: पाचही पानांत वाढता येईल असं काही सुचवा

निशिगंधा_कोथरूड | सोमवार, सकाळी १०:४०

काल नणंद, तिचे यजमान आणि मुलं जेवायला होती. आज शिल्लक आहे ते असं: डब्यात ११ पोळ्या, फ्रिजमध्ये दोन वाट्या आमटी (आमसूल-गुळाची, गोडा मसाला घातलेली), तीन वाट्या भात, वाटीभर बटाट्याची पिवळी भाजी, अर्धी जुडी कोथिंबीर आणि आंबट झालेलं ताक. जेवणारी माणसं पाच. सासूबाई, सासरे, आम्ही दोघं आणि आठवीतली लेक.

फोडणीची पोळी, फोडणीचा भात मला येतो. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. आमच्या घरी अन्न वाया जात नाही, कारण उरलेलं सगळं सासूबाई खातात. आम्हाला गरम पोळ्या वाढून झाल्या की ओट्यापाशी उभ्या राहून कालची पोळी, कालची भाजी त्या संपवतात. किती वेळा सांगितलं तरी "मला आवडतं गं" एवढंच उत्तर. माझी आईही हेच करायची. गेल्या आठवड्यात लेकीनं विचारलं, "आजी वेगळं का खाते?" आणि मला काही बोलता आलं नाही.

म्हणून आज हे सगळं वापरून एकच स्वयंपाक करायचा आहे, सगळ्यांनी एकत्र बसून खायचा. सासऱ्यांना 'शिळं' हा शब्द ऐकला तरी जेवण जात नाही. त्यांना फसवून खाऊ घालायचं नाही. जेवण मनापासून आवडावं आणि मग मी सांगावं, असं डोक्यात आहे. सुचवा.

---

खमंग_फोडणी | ११:०२

पोळ्यांपासून सुरू करू. फोडणीची पोळी बिघडते ती दोन कारणांनी. मिक्सरला फिरवली की पीठ होतं आणि तोंडात चिकटतं, म्हणून हातानं कुस्करायची, थोडे मोठे तुकडे राहू द्यायचे. दुसरं, लोक वरून पाणी मारतात. तुमच्याकडे आंबट ताक आहे, ते शिंपडा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा. शेंगदाणे आधी तळून बाजूला काढायचे आणि शेवटी घालायचे, नाहीतर मऊ पडतात. मीठ फक्त कांद्यापुरतं, पोळीत आधीच आहे. चिमूटभर साखर, लिंबू, कोथिंबीर.

---

पर्वती_पायथा | ११:०९

धागा वाचून आईची आठवण आली. आईला कोणती भाजी ताजी आवडायची हे मला आजही सांगता येत नाही. कृती नंतर लिहितो.

---

कुटके | ११:२०

आमच्या विदर्भात ह्याला कुटके म्हणतात, पोळीचे आणि भाकरीचे सुद्धा. पुण्यात आल्यावर कोणी 'कुस्करा' म्हणालं, कोणी 'माणिकमोती'. मला वाटलं काहीतरी दागिन्यांचं चाललंय.

---

शाकंभरी | ११:२६

आमच्याकडे 'मनोहरा'. मला हे नाव फार आवडतं. ज्या कोणी बाईनं कालच्या पोळीला पहिल्यांदा मनोहरा म्हटलं असेल, तिला माझा नमस्कार.

---

खमंग_फोडणी | ११:३१

@शाकंभरी, आजपासून मीही हेच म्हणणार.

---

डबा_नंबर_सात | ११:४५

मी एकटा राहतो, हिंजवडीला नोकरी. पोळीवाल्या मावशी सकाळी आठ पोळ्या करून जातात, चार उरतात. सुरुवातीला त्या फ्रिजमध्ये ठेवायचो, सकाळी चामडं झालेलं असायचं. मग माझं मीच शोधून काढलं की कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेली पोळी दुसऱ्या दिवशी जास्त मऊ असते. असं का होतं, कोणी सांगेल का?

---

सूक्ष्मदर्शी | १२:०५

@डबा_नंबर_सात, शिजताना पिठातला स्टार्च पाणी धरून फुगतो. गार झाल्यावर त्याच्या साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात, पाणी बाहेर पडतं आणि पोळी कडक होते. ही क्रिया फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगानं होते. फ्रीझरमध्ये ती जवळपास थांबते. म्हणून एक दिवस डब्यात, जास्त दिवस ठेवायची तर फ्रीझरमध्ये. पावसाळ्यात मात्र डब्यातल्या पोळीवर बुरशी लवकर धरते, उलटसुलट बघून घ्यायची. हेच कारण फोडणीच्या भातामागे आहे. गार होऊन घट्ट झालेलं शीत फोडणीत परतताना मोडत नाही, ताज्या गरम भाताचा गोळा होतो.

@निशिगंधा_कोथरूड, कृतीआधी एक महत्त्वाचं. भात काल किती वाजता शिजला आणि फ्रिजमध्ये किती वाजता गेला?

---

सोलापुरी_शेंगा | १२:१८

आमच्या भागात शिळी भाकरी म्हणजे सकाळची न्याहारी. भाकरी कुस्करायची, ताक, मीठ, ठेचलेला लसूण, वर शेंगाचटणी आणि कच्चं तेल. ज्वारीची कडक भाकरी तर मुद्दाम करून ठेवतात. महिना-महिना टिकते, आमटीत चुरली की जेवण तयार. तिथे 'उरलेलं' हा शब्दच लागू होत नाही.

माझे वडील ७२च्या दुष्काळात लहान होते. आजी-आजोबा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. तिथे सुकडी मिळायची, रेशनला लाल मिलो ज्वारी. ती भाकरी घशाखाली उतरायची नाही म्हणतात. वडील आजही जेवण झालं की ताटात थोडं पाणी फिरवून पितात. मी लहानपणी हसायचो त्याला. आता माझा मुलगा त्यांच्याकडे बघून तसंच करतो आणि मी गप्प बसतो.

---

अभ्यंग | १२:३०

थोडं वेगळं मत. सासऱ्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात पर्युषित, म्हणजे शिळं अन्न तामसी लोकांना प्रिय असतं असं सांगितलं आहे. आमचे आजोबा रात्रीचं सकाळी खात नसत. माझा आग्रह आहे की मोजून शिजवावं. पाच माणसांना ११ पोळ्या उरतात, याचा अर्थ चूक कालची आहे. उरलेल्याच्या कृती शोधण्यापेक्षा उरूच नये हे पाहावं.

---

शाकंभरी | १२:४१

@अभ्यंग, मोजून शिजवण्याबद्दल पूर्ण सहमत. पण पाहुण्याला शेवटची पोळी वाढताना डबा रिकामा दिसू नये, हे आपल्याला घरातच शिकवलेलं असतं. आणि श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचंच खातात, त्या दिवशी चूल पेटवायची नसते. म्हणजे परंपरेत दोन्ही आहे.

अजून एक विचारते, राग नसावा. आजोबा सकाळी रात्रीचं खात नसत, तर ते कोण खायचं?

---

अभ्यंग | १२:५८

@शाकंभरी, प्रश्न योग्य आहे. आजी खायची. मी हे कधी जोडून पाहिलं नव्हतं.

---

पेठेतली_आजी | दुपारी १:१५

नातवाकडून टायपिंग शिकले आहे, हळूहळू लिहिते.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी दहा वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत. पाणी वाड्यात शिरलं, आम्ही नेसत्या कपड्यांनिशी मावशीकडे गेलो. तिचं घर उंचावर होतं. एका खोलीत अठरा-एकोणीस माणसं. मावशीनं पहिल्या रात्री घरात होतं नव्हतं ते सगळं, सकाळची पोळी, उसळ, थोडं वरण, एका मोठ्या पातेल्यात घातलं, पाणी वाढवलं, लसणाची फोडणी वरून दिली आणि सगळ्यांना वाट्यांतून दिलं. तिनं स्वतः आमच्याबरोबर बसून खाल्लं. त्या चवीची बरोबरी पुढे कशाला आली नाही.

निशिगंधा बाळ, तुला तेच सांगते. पोळीची फळं कर. वरणफळं तुला येत असतील, ती कच्च्या कणकेची. ही तयार पोळीची. पोळ्या तव्यावर कोरड्या भाजून जरा कडक करायच्या, मग शंकरपाळ्यासारख्या कापायच्या. तशाच घातल्यास तर त्यांचा लगदा होईल. आमटी दोनच वाट्या आहे, पाच माणसांना पुरायची नाही. पाव वाटी मुगाची डाळ शिजवून तिच्यात मिसळ, गरम पाणी घाल, चव बघून गोडा मसाला, गूळ, आमसूल वाढव. खळखळ उकळी आली की तुकडे सोड आणि तीन-चार मिनिटांत गॅस बंद कर. कच्च्या फळांना दहा-बारा मिनिटं लागतात, ह्यांना नाही. वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी, आणि पानात साजूक तूप. तुपाला हात आखडू नकोस.

---

निशिगंधा_कोथरूड | १:४०

आजी, वाचताना डोळे भरून आले. फळं नक्की.

@सूक्ष्मदर्शी, आमटी आणि भाजी जेवणं झाल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवली होती. भात मात्र कुकरमध्येच राहिला. साडेबाराला शिजला, संध्याकाळी सहाच्या सुमाराला फ्रिजमध्ये गेला. वास अगदी चांगला आहे.

---

सूक्ष्मदर्शी | १:५२

मग तो भात खाऊ नका, असं मी सांगेन.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते भात शिजवताना मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्तास राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करणारं त्यातलं विष उष्णतेला दाद देत नाही. जिवाणू मेले तरी विष राहतं, म्हणून कितीही कडकडीत फोडणी दिली तरी उपयोग नाही. वासावरून, चवीवरून हे कळत नाही. दर वेळी कोणी आजारी पडेलच असं नाही, पण घरात वयस्कर माणसं आहेत.

पुढच्या वेळी: जेवणं झाली की भात ताटात किंवा परातीत पसरून लवकर निववायचा आणि शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. फ्रिज ५ अंशांच्या खाली. दुसऱ्या दिवशी संपवायचा, वाफा येईपर्यंत एकदाच गरम करायचा. दाट आमटी, उसळ, खिचडी यांनाही हाच नियम.

---

पर्वती_पायथा | २:०५

अहो, आपण सगळे फ्रिज नसताना रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खातच वाढलो ना? काटकसरीच्या धाग्यावर तीन वाट्या भात टाकायचा सल्ला जड जातोय.

---

सूक्ष्मदर्शी | २:१४

मलाही जडच जातो. आजी रात्रीच्या भातात ताक किंवा पाणी घालून ठेवायची तेव्हा तो आंबायचा आणि आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावायची. शिवाय भात मोजून व्हायचा, थोडाच उरायचा, लवकर गार व्हायचा. कुकरमध्ये झाकून ठेवलेला ढीगभर भात सहा तासांनीही मध्यभागी कोमट असतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत.

---

पेठेतली_आजी | २:३०

ते बरोबर सांगतात. माझी सासू म्हणायची, अन्न पोटात टाकलं म्हणून वाचलं असं नसतं. शंका आली तर देऊन टाकायचं मातीला.

---

ओला_सुका | २:४४

भात फेकायचाच असेल तर प्लॅस्टिक पिशवीत बांधून देऊ नका. ओल्या कचऱ्याच्या डब्यात मोकळा टाका, किंवा गच्चीवर कंपोस्टची बादली असेल तर वाळलेल्या पानांच्या थरात. आमच्या सोसायटीत कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंना पिशव्या उसवून आतलं अन्न हातानं वेगळं करावं लागायचं. आता आम्ही तसं होऊ देत नाही.

विषय निघालाच आहे तर एक आकडा: संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातला ६० टक्के वाटा घरांचा होता. हॉटेलं आणि लग्नं आपल्याला दिसतात. आपला वाटीभर भात दिसत नाही.

---

डबा_नंबर_सात | ३:१०

भातानंतर आता बटाट्याची भाजी. मी काय करतो ते सांगतो. भाजी हातानं मळायची, त्यात कोथिंबीर, थोडं भाजलेलं बेसन, आमचूर. भात उरला असेल तर तोही (वेळेवर फ्रिजमध्ये ठेवलेला, सूक्ष्मदर्शीकाका!). ज्वारीचं पीठ घालून थालीपीठ. ताकात भिजवलं तर पाणी लागतच नाही. पाच माणसांना मस्त होतील.

---

उभी_ओट्यापाशी | ३:२५

इतका वेळ नुसती वाचत होते. आता राहवत नाही.

थालीपीठ करू नका. थालीपीठ तव्यावरून थेट पानात लागतं, म्हणजे कोणीतरी तव्यापाशी उभं राहणार. ते कोण असेल, तुम्हाला माहीत आहे. तुमचं एकत्र बसणं तिथेच मोडेल. आमच्याकडे मी हे पंधरा वर्षं केलं आहे. उरलेल्याचं काहीतरी छान करायचं म्हणून घावन, थालीपीठ, कटलेट, आणि शेवटी तव्यावरचं शेवटचं, गार झालेलं माझ्या वाट्याला.

आज सगळं असं करा की बसण्याआधी गॅस बंद झालेला असेल. फळं एका पातेल्यात होतात, उत्तम. भाजी पाच पोळ्यांत भरून, घडी घालून, तूप सोडून आधीच भाजून ठेवा आणि झाकून ठेवा. कोमट सुद्धा चांगली लागते. ताकाची कढी करा किंवा नुसता मठ्ठा. आणि एक गोष्ट संपूर्ण ताजी असू दे, काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. उरलेल्यातून ओलावा आणि कुरकुरीतपणा गेलेला असतो. जिभेला पान ताजं वाटायला एवढी एकच वाटी पुरते.

---

शाकंभरी | ३:३३

@उभी_ओट्यापाशी, ह्या धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. +१०

---

अभ्यंग | ३:४०

सहमत. आणि आज घरी कढी मी करणार आहे. शिळ्या कढीला ऊत येऊ नये म्हणून ताजीच करतो.

---

कुटके | ४:०५

धागा चालूच आहे तर वाया जाणाऱ्या आणखी गोष्टींचं कोणी सांगा की. आमच्याकडे दोडक्याच्या शिरा टाकत नाहीत. तेलावर कुरकुरीत परतायच्या, तीळ, सुकं खोबरं, लसूण, तिखट घालून चटणी.

---

खमंग_फोडणी | ४:१२

कोथिंबिरीचे देठ आमटीत, फ्लॉवरचे कोवळे दांडे भाजीत. तूप कढवल्यावर खाली राहिलेली बेरी गूळ घालून पोळीत भरायची. आमच्या घरी मुलांची त्यावर भांडणं होतात.

---

पेठेतली_आजी | ४:३०

मोदकांची उकड उरली की निवगऱ्या. हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर वाटून उकडीत मळायची, चपट्या थापायच्या, मोदकाच्याच चाळणीत वाफवायच्या. कच्चं तेल घालून खायच्या. आमच्याकडे निवगऱ्या व्हाव्यात म्हणून उकड मुद्दाम जास्त काढतात.

---

निशिगंधा_कोथरूड | रात्री १०:२०

जेवणं झाली. सगळं सांगते.

भात कंपोस्टच्या बादलीत गेला. वाईट वाटलं, पण तांदूळ मोजायची वाटी आजच बदलली, लहान घेतली. सहा पोळ्यांची फळं, पाच पोळ्या बटाट्याची भाजी भरून भाजलेल्या, मठ्ठा, काकडीची कोशिंबीर. पावणेआठला गॅस बंद. पाच ताटं मीच मांडली आणि आईंना म्हटलं, "आता उठायचं काही शिल्लक नाही, बसा." त्या बसल्या, पण दोनदा उठायला गेल्या. दुसऱ्यांदा लेकीनं त्यांचा पदर धरून ठेवला.

सासऱ्यांनी फळं दोन वेळा घेतली. दुसऱ्यांदा वाढताना मी सांगितलं, ही कालची आमटी आणि कालच्या पोळ्या आहेत, मूगडाळ आणि फोडणी आजची. ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "आमची आई अशीच करायची. पण तिला खाताना मी पाहिल्याचं आठवत नाही." आणि परत जेवायला लागले. आई खाली बघून तूप कालवत होत्या.

@उभी_ओट्यापाशी, थालीपीठ केलं असतं तर हे झालं नसतं.

---

उभी_ओट्यापाशी | १०:३१

मी उद्या फळं करते आहे. घरी सांगून ठेवलं आहे की आठ वाजता सगळ्यांनी हजर राहायचं.

---

पर्वती_पायथा | १०:४८

सकाळी कृती लिहितो म्हणालो होतो. माझ्याकडे कृती नाहीच. आईला आत्ता फोन केला आणि तुला कोणती भाजी आवडते ते विचारलं. आधी हसली, मग 'कुठलीही' म्हणाली. मी फोन ठेवला नाही. दहा मिनिटांनी म्हणाली, भरली वांगी. ताजी. रविवारी मंडईतून लहान काटेरी वांगी आणायची आहेत. भरायची कशी, कोणी नीट सांगेल का? आजवर मी ती फक्त खाल्ली आहेत.

---

पेठेतली_आजी | मंगळवार, सकाळी ६:१०

सांगते बाळ. आधी देठ कापून टाकू नकोस.